भरलं वजन

भुईकाट्यावर ट्रॅक्टर दोनदा चढतो. माल घेऊन येतो तेव्हा भरलं वजन, माल उतरवून परततो तेव्हा रिकामं वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा कापूस. रिकामं वजन हुकलं तर फारसं बिघडत नाही. ट्रॉली संध्याकाळी, उद्या, नाहीतर दुसऱ्या काट्यावर जोखता येते. भरलं वजन मात्र एकदाच मिळतं. जिनिंगच्या ढिगात कापूस पडला की त्यातला कुणाचा किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळा आणि एरंडोलच्या मधे, अशाच एका काट्यावर मी ऑपरेटर होतो. काट्याचे मालक अप्पा. पत्र्याची केबिन, पश्चिमेला तोंड करून असलेली एकच खिडकी, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी वजनाचा इंडिकेटर आणि कर्रकर्र करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. टेबलाखाली, माझ्या पायाशी, सहाशे व्हीएचा यूपीएस. बाहेर खांबावर लाल आकड्यांचा मोठा डिस्प्ले, म्हणजे शेतकऱ्यालाही आपलं वजन दिसावं. हंगाम नसला की मका, गिट्टी, कडबा. दसऱ्यानंतर मात्र नुसता कापूस.

२०१४ सालचा नोव्हेंबर. दुपार कलली होती. एक म्हातारे बाबा भाड्याच्या ट्रॅक्टरवर कापूस घेऊन आले. ट्रॉली काट्यावर स्थिर झाली, आकडा थांबला, मी खिडकीतून हात केला, "घ्या पुढं." मागं सात-आठ ट्रॅक्टर लागलेले, म्हणून घाई. ट्रॅक्टर खाली उतरून जिनिंगच्या फाटकाकडे वळला आणि मी गाडीनंबर टाइप करायला घेतला. तो सेव्ह करण्याआधीच लाईट गेली. यूपीएसनं एकदाच टीं केलं आणि स्क्रीन काळा झाला.

पाऊण तासानं लाईट आली. कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा बाबांच्या आधीच्या गाडीपर्यंतची नोंद होती, त्यांची नव्हती. तोवर कापूस ढिगावर गेलेला. रिकामी ट्रॉली काट्यावर आली : ३,४८० किलो.

बाबा म्हणाले, भरलेली ५,६४० होती. जिनिंगचा माणूस बाहेरच उभा होता, तो म्हणाला ५,५४०. मधे एक क्विंटलचा फरक. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ४,०५० रुपये होता. म्हणजे प्रश्न चार हजारांचा होता, आणि बाबांच्या अंगावरचं धोतर पाहता चार हजार ही लहान रक्कम नव्हती.

अप्पा माझ्याकडे वळले. "तू काय पाहिलंस?"

आकडा माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर होता. मी तो पाहिलाही होता. पण पाहताना लक्ष मागच्या रांगेकडे होतं. पंचावन्न की छप्पन्न, शपथेवर सांगता येईना. मी गप्प राहिलो. जिनिंगवाल्यानं ५,५४० धरून हिशेब केला. अप्पांनी गल्ल्यातून चार हजार काढून बाबांच्या हातावर ठेवले. म्हणाले, "काटा माझा आहे. शेतकऱ्यानं पाहिलं ते खरं." बाबांनी पैसे घेतले, मोजले नाहीत, आणि काही न बोलता ट्रॅक्टरवर चढले. त्यानंतर ते आमच्या काट्यावर दिसले नाहीत. पुढच्या हंगामात त्यांचा ट्रॅक्टर रस्त्यानं सरळ पारोळ्याकडे जाताना मी दोनदा पाहिला. ते आमच्यावर रागावले आहेत, असं आम्ही धरून चाललो.

मला लागलं ते वेगळंच. यूपीएसची बॅटरी मी तीनच महिन्यांपूर्वी, श्रावणात, जळगावहून नवी आणून बसवली होती. अप्पांनी पैसे दिले होते, मी गेलो होतो. नवी वस्तू तीन महिन्यांत मरते कशी?

अप्पांचं ठरलं होतं. "मोठं मशीन आण. दोन तास चाललं पाहिजे. इन्व्हर्टर घे, दोन बॅटऱ्यांचा घे. असा प्रसंग परत नको." माझ्याकडे पंचवीस हजार दिले आणि मी मेलेला यूपीएस गोणपाटात गुंडाळून धुळ्याची एसटी धरली. धुळ्यालाच जायचं कारण म्हणजे माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक नाना. धुळ्याच्या जुन्या भागात नंबरांच्या गल्ल्या आहेत, त्यांतल्या एकीत त्यांचं हातभर रुंदीचं दुकान. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग स्टॅबिलायझर, मग यूपीएस. माणूस तोच, टेबलही तेच. टेबलावरच्या वस्तू मात्र काळाप्रमाणे बदलत गेल्या.

"बठ भाऊ," नाना म्हणाले. मी बसलो आणि मोठ्या इन्व्हर्टरचं बोललो. त्यांनी पैशांकडे पाहिलं नाही. यूपीएसचे चार स्क्रू काढले आणि बॅटरी बाहेर ओढायला लागले. ती येईना. दोन्ही बाजूंनी फुगली होती, डब्यात रुतून बसली होती. पेचकसानं हळूहळू मोकळी करून त्यांनी टेबलावर ठेवली आणि मीटर लावला. १२.६ व्होल्ट.

"बरोबर आहे की," मी म्हणालो.

"बसलेल्या माणसाचं बळ कळतं का? डोक्यावर पोतं दे, मग बघ." त्यांनी जीपच्या हेडलाइटचा बल्ब काढला, दोन वायरी बॅटरीला टेकवल्या. बल्ब पेटला, पिवळा झाला, मग तांबडा. मीटरवरचा आकडा अकरावर आला, दहावर आला, मिनिटभरात नऊच्या खाली गेला. वायरी काढल्या तर आकडा पुन्हा हळूहळू बाराकडे चढू लागला. मी आजवर मीटर लावून, बारा दिसले की बॅटरी ठीक म्हणत आलो होतो. बहुतेक दुकानांत आजही तसंच पाहतात.

मग नानांनी ते विचारलं. पुढं कित्येक वर्षं ते वाक्य माझ्या कानात राहिलं. "माले एक सांग भाऊ, लाईट गयी ते तू काय करस?"

"काम चालू ठेवतो," मी म्हणालो. त्यात मला थोडा अभिमानही होता. आमच्या फीडरवर वीजगळती जास्त, म्हणून भारनियमन होतं. दिवसातून दोनदा लाईट जायची. दोन्ही वेळा मी यूपीएस शेवटपर्यंत चालवायचो. टीं-टीं घाईघाईनं वाजू लागलं तरी आणखी एक गाडी, आणखी एक पावती. स्क्रीन आपोआप बंद पडेपर्यंत मी उठत नसे. मालकाचं काम अडू नये, एवढंच मनात.

"आणि रात्री?"

"रात्री मेन स्विच बंद करून कुलूप लावतो. पत्र्याची केबिन आहे, शॉर्टसर्किटची भीती."

नानांनी चष्मा काढून पुसला. मग हिशेब मांडायला बसले, वर्तमानपत्राच्या कडेवर, पेन्सिलीनं. अशी बंद बॅटरी दरवेळी पूर्ण रिकामी केली तर साधारण दोनशे वेळा साथ देते. तिसरा हिस्साच वापरून सोडली तर हजाराच्या वर जाते. दिवसातून दोनदा, तीन महिने : एकशे ऐंशी. त्यात संध्याकाळी रिकामी झालेली बॅटरी मी रात्रभर तशीच ठेवत होतो, कारण मेन स्विच बंद. रिकाम्या बॅटरीत शिशाच्या पत्र्यांवर गंधकाचा क्षार धरतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो, तशीच पडली तर कडक होऊन बसतो आणि तेवढी जागा कायमची जाते. शिवाय रिकामी बॅटरी नीट भरायला या छोट्या यूपीएसला सहा ते आठ तास लागतात. दुपारी रिकामी, संध्याकाळी पुन्हा रिकामी, म्हणजे ती पूर्ण भरली असेल तर पहिल्याच दिवशी.

त्यांनी बॅटरी उलटी करून तळाशी उठलेला बारीक छाप भिंगाखाली धरला. ती मी घेतली त्याच्या अकरा महिने आधी बनलेली होती. दुकानात पडून असताना बॅटरी आपोआप उतरत जाते, उन्हाळ्यात अधिक वेगानं. सहा-सहा महिन्यांनी चार्ज करावी लागते. मी खोक्यावरची किंमत वाचली होती, छाप वाचला नव्हता. विचारलं असतं तर दुकानदारानं दुसरी काढून दिली असती, असं मला आजही वाटतं. मी विचारलंच नाही.

"आता खरं सांग," नाना म्हणाले, "लाईट गेल्यावर तुला काय करायचं असतं? करतोस काय ते नाही विचारत. करायला काय हवं?"

मी विचार केला. काट्यावर जी गाडी उभी आहे तिचं वजन सेव्ह करायचं. पावती छापायची. कॉम्प्युटर नीट बंद करायचा. बस.

"किती वेळ लागतो?"

"तीन मिनिटं. चार."

"मग चार मिनिटांची बॅटरी पाहिजे तुला. दोन तासांची कशाला मागतो?"

कॉम्प्युटर आणि स्क्रीन मिळून शंभर-सव्वाशे वॅट, इंडिकेटरचे दहा-पंधरा, प्रिंटर पावती छापताना चाळीस-पन्नास. दोनशेच्या आत. यूपीएसवर सहाशे लिहिलेलं असलं तरी ते सहाशे वॅट नसतात. या वर्गातले यूपीएस साधारण तीनशे साठ वॅटचे. म्हणजे ताकदीला आमचा जुना डबा पुरून उरत होता. आतली बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी चांगली असेल तर एवढ्या भारावर बारा-पंधरा मिनिटं सहज. चाराच्या तिप्पट. ती तिप्पट सोडून द्यायची नसते, नाना म्हणाले. म्हातारपणी बॅटरी खंगते तेव्हा ती कामी येते.

अप्पांचं काय सांगू, मी विचारलं. त्यांना दोन तास हवे आहेत.

"दोन तास काटा चालवायचा असेल तर इन्व्हर्टर आणि उभ्या नळ्यांची मोठी ट्यूब्युलर बॅटरी, दीडशे अँपिअर-अवरची. ती ओझं वाहण्यासाठीच असते, रोज खोलवर रिकामी केली तरी सोसते. पाणी घालत राहावं लागतं, हवेशीर जागा लागते. धंद्याचा हिशेब बसत असेल तर जरूर घ्या, मी आनंदानं विकेन. पण भीतीनं घेऊ नका. आणि घेतलात तरी त्या बाबांचं वजन वाचलं नसतं असं समजा."

हे मला कळलं नाही. नानांनी समजावलं. ट्रॅक्टर काट्यावरून उतरल्यावर तू नंबर टाइप करत होतास. कॉम्प्युटर अडकला असता, वायर निघाली असती, बोट चुकून दुसऱ्या बटनावर पडलं असतं, तरी वजन गेलंच असतं. आकडा फक्त मशीनच्या पोटात होता. शेतकऱ्याच्या हातात कागद नव्हता.

मी बॅटरी घेतली. छाप त्यांनी मला स्वतः वाचायला लावला : दोन महिन्यांपूर्वीचा. जुनी त्यांनी ठेवून घेतली आणि वजनावर तिचे पैसे कापून दिले. तेव्हाच्या, २००१ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेणं हे विक्रेत्याचं काम होतं, पण नानांचं कारण नियमापेक्षा जवळचं होतं. भंगारात गेली की पोरं ती दगडानं फोडतात, शिसं चुलीवर वितळवतात, तो धूर घरात कोंडतो. गल्लीतलं असं एक पोर त्यांनी पाहिलं होतं. त्याबद्दल ते अधिक बोलले नाहीत.

परतल्यावर पंचवीस हजारांतले चोवीस हजारांवर अप्पांपुढं ठेवले तेव्हा ते खूश झाले नाहीत. मी फसलो, किंवा घाबरून थोडक्यात उरकलं, असं त्यांना वाटलं. मी नानांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. अप्पा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग उठून कपाटातून एक जाड वही काढली. लाल कापडी बांधणीची, जुन्या यांत्रिक काट्याच्या काळातली. प्रत्येक पानावर गाडीनंबर, भरलं, रिकामं, निव्वळ, आणि शेवटी शेतकऱ्याची सही किंवा अंगठा. "कॉम्प्युटर आला त्या दिवशी मी ही बंद केली," ते म्हणाले. "वाटलं, आता कशाला."

दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी बदलल्या. ट्रॅक्टर काट्यावर उभा असतानाच नंबर टाकायचा, सेव्ह करायचं, भरल्या वजनाची पावती छापून शेतकऱ्याच्या हातात द्यायची, मगच "घ्या पुढं". कार्बनखालची प्रत आमच्याकडे. दर गाडीमागे अर्धं मिनिट जास्त लागायचं, रांगेतले लोक कुरकुर करायचे. दुसरं, लाईट गेली की समोरची गाडी मिटवायची आणि सगळं बंद, यूपीएसमध्ये कितीही जीव असला तरी. तिसरं, रात्री मेन स्विच सुरू. इलेक्ट्रिशियन बोलावून केबिनची वायरिंग नीट करून घेतली, एमसीबी बसवला, आणि शॉर्टसर्किटची भीती तिथंच संपली.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी गिऱ्हाईक नसताना, मी यूपीएसची पिन काढून घड्याळ लावायचो. कॉम्प्युटर चालू, हातात कपडा, फर्निचर पुसत. घाईची टीं-टीं सुरू होईपर्यंत किती मिनिटं, ते दाराच्या चौकटीजवळ पत्र्यावर खडूनं लिहायचं आणि पिन परत लावायची. पहिला आकडा चौदा.

चौदा, चौदा, तेरा, तेरा. मार्चपर्यंत ठीक होतं. मग आमच्याकडचा उन्हाळा आला. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसवर जातो हे पेपरात वाचणं वेगळं आणि पश्चिमेच्या खिडकीखाली पत्र्याच्या केबिनमध्ये दिवस काढणं वेगळं. यूपीएस त्याच खिडकीखाली होता. बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंशांवर धरून सांगतात. त्यावर दर दहा अंशांना ते निम्मं होत जातं. मे महिन्याचा आकडा अकरा आला तेव्हा मी यूपीएस पूर्वेच्या कोपऱ्यात, दोन विटांवर हलवला, मागची जाळी मोकळी राहील असा. अप्पांनी पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात मारून घेतले. बॅटरीसाठी केलेल्या चुन्यानं मला दुपारी जेवताना घाम यायचा थांबला. अकराचा आकडा पुढं बरेच महिने अकराच राहिला.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर मात्र उतरण लागली. नऊ. नऊ. आठ. २०१६ च्या ऑक्टोबरच्या एक तारखेला सात. आम्हाला चार लागत होते, सात मिळत होते. हंगाम निघू द्यावा, फेब्रुवारीत बदलू, असं मी म्हणालो. अप्पा म्हणाले, "आठवरून सातवर यायला एक महिना लागला. सातवरून चारवर यायला किती लागेल, सांगता येतं तुला?"

सांगता येत नव्हतं. मी पुन्हा धुळ्याची एसटी धरली. नानांच्या टेबलावर त्या दिवशी एका झेरॉक्सवाल्याचा मोठा यूपीएस उघडा होता. त्यात दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या, एक फुगलेली, एक दिसायला धडधाकट. मालक फुगलेली तेवढी बदला म्हणत होता. नाना शांतपणे सांगत होते की दोघी एकाच माळेत आहेत. नवी आणि जुनी सारख्या भरणार नाहीत, चार्जरला एकूण आकडा दिसेल आणि तो दोघींना चुकीचंच पाजत राहील. नवी वर्षभरात जुनीसारखी होईल. शिवाय त्यानं लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला होता. तो तापताना एका झटक्यात आठशे-हजार वॅट ओढतो, म्हणून दर लाईट गेली की डबा बसायचा. मालकाला पटलं की नाही, माहीत नाही. तो दोन्ही बॅटऱ्यांचे पैसे आणायला म्हणून गेला.

खंडेनवमीला आम्ही काटा धुतला, इंडिकेटरला हळदकुंकू लावलं, आणि यूपीएसमध्ये नवी बॅटरी बसवून त्यावर झेंडूचं फूल ठेवलं. शेजारी ती लाल वही. पत्र्यावर नवी रांग सुरू झाली. चौदा.

डिसेंबर उजाडला तो कापसाच्या गर्दीत. एका संध्याकाळी रांग रस्त्याच्या साइडपट्टीपर्यंत गेली होती. सहाच्या सुमाराला लाईट गेली. काट्यावरची गाडी मी मिटवली, पावती दिली, कॉम्प्युटर बंद केला. दोन मिनिटंही लागली नाहीत. यूपीएस अजून निवांतपणे, सावकाश टीं करत होता. लोकांना ते ऐकू येत होतं.

"अरे, चालतंय की! बंद कशाला केलं?" एकानं दारावर हात मारला. दुसरा म्हणाला, माझी एक घे, लेकरं घरी वाट पाहताहेत. तिसऱ्यानं खिशात हात घातला. पाच-सहा गाड्या सहज निघाल्या असत्या, हे मलाही ठाऊक होतं. थंडी पडली होती, माणसं दिवसभराची उभी होती, आणि नाही म्हणायला मला जिवावर आलं. मी अप्पांकडे पाहिलं. ते बाहेर गेले, रांगेतल्या प्रत्येकाजवळ थांबून काहीतरी बोलले आणि पोराला चहा सांगायला पाठवलं.

वीस-पंचवीस मिनिटांनी लाईट आली. रांग हलू लागली. पाचवी की सहावी गाडी काट्यावर चढली आणि मी मान वर केली तर ट्रॉलीच्या कडेला ते बाबा उभे. दोन वर्षांत आणखी वाकलेले. त्यांच्या नेहमीच्या काट्याची मशीन त्या दिवशी बंद होती, हे मागाहून कळलं. आकडा स्थिर झाला. मी नंबर टाकत होतो तेवढ्यात रस्त्यापलीकडे डीपीवर निळा जाळ उठला आणि मोठा आवाज झाला. सगळीकडे अंधार.

केबिनमध्ये स्क्रीन चालू होता. टीं. मधे सावकाश अंतर. पुन्हा टीं. पहिल्या वेळेला मी ती बॅटरी पिळून काढली असती तर अर्ध्या तासात तिच्यात काय भरलं असतं? मी नंबर पुरा केला, सेव्ह केलं. प्रिंटर कर्रकर्र करत चालला. त्या अंधारात, त्या गर्दीत, दुसरा कुठलाच आवाज नव्हता. पावती फाडून मी खिडकीतून बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती टोपीच्या घडीत ठेवली. मग मी कॉम्प्युटर बंद केला. यावेळी दारावर कुणी हात मारला नाही.

डीपी बदलायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा रिकामी ट्रॉली घेऊन आले. वजन झालं. मी निव्वळ पावती छापून अप्पांकडे दिली. बाबा केबिनच्या दाराशी आले, पण आत येईनात. उपरण्याच्या टोकात बांधलेली गाठ सोडत होते. आतून नोटा निघाल्या, नव्याकोऱ्या. नोटबंदीच्या त्या महिन्यात बँकेच्या रांगेत उभं राहिल्याशिवाय अशा नोटा हाती येत नव्हत्या.

"मी नीट देखेल नव्हतं, अप्पा," ते म्हणाले.

अप्पांना आधी कळेना. बाबांनी सांगितलं. त्या दिवशी डिस्प्लेकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं, चष्मा घरी राहिला होता. ट्रॅक्टरवाल्या पोरानं ५,६४० म्हटलं ते त्यांनी पुढं म्हटलं. पोरगं खरं बोललं असेल, चुकलंही असेल. पण अप्पांनी शेतकऱ्यानं पाहिलं ते खरं म्हणून पैसे हातावर ठेवले, आणि त्यांनी पाहिलंच नव्हतं. सांगायला तोंड उघडलं, पण उधारीवाले डोळ्यांसमोर आले आणि तोंड मिटलं. तेव्हापासून या काट्यावर यायचा धीर झाला नाही. ट्रॅक्टर इथून जायचा तेव्हा ते दुसरीकडे बघायचे.

मी खुर्चीत बसून ऐकत होतो. त्या दिवशी जिनिंगवाला खोटं बोलला असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो, बाबा रागावलेत असंही. आणि ५,५४० खरं की ५,६४०, हे आता जगात कुणालाच कधी कळणार नव्हतं. ते सांगू शकणारा एकच माणूस होता. त्याच्यासमोर हातभर अंतरावर तो आकडा होता.

अप्पांनी नोटा बाबांच्या उपरण्यात परत बांधल्या. बाबा नको नको म्हणत राहिले. मग अप्पांनी निव्वळ वजनाची पावती त्यांच्यापुढं धरली. "चष्मा आहे ना आज?"

बाबांनी खिशातून चष्मा काढला. एका काडीच्या जागी दोरा होता, तो कानामागं अडकवला. पावती उजेडाकडे धरली, बोट ठेवलं आणि मोठ्यानं, एकेक अक्षर सोडवत वाचलं.

"भरलं, पाच हजार चारशे साठ. रिकामं, तीन हजार चारशे ऐंशी. निव्वळ, एकोणीस क्विंटल ऐंशी."